जळकोटच्या वाटेवरून जाणारा माल

दिनांक १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारतीय सैन्याच्या तुकड्या सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्गच्या किल्ल्यापाशी चकमक झाली, बोरी नदीवरील पूल शाबूत हाती लागला आणि सकाळी ९ च्या सुमारास चिलखती गाड्यांची एक तुकडी तेथून आठ-दहा किलोमीटरवर असलेल्या जळकोट या गावी येऊन पोहोचली. तिसऱ्या प्रहरी त्याच सैन्याने उमरगे गाठले. पुढे चार दिवसांतच, १७ सप्टेंबर रोजी, निजामाच्या राजवटीचा शेवट झाला.

युद्धाच्या इतिहासात जळकोटचे नाव येते ते एवढ्या एका ओळीपुरतेच. परंतु ज्या रस्त्याने त्या गाड्या गेल्या, त्याच रस्त्याने त्याच्या आधी आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक रांग जात आली आहे. ती मालाच्या गाड्यांची. प्रथम बैलगाड्या, मग मालमोटारी. कधी कापूस, कधी करडई, कधी तूर, अलीकडे सोयाबीन आणि ऊस. एक राजवट चार-पाच दिवसांत उलथली. परंतु या दुसऱ्या रांगेने उभा केलेला प्रश्न इतक्या लवकर सुटण्यासारखा नव्हता. शेतात पिकलेले धान्य व गळीत गाडीत भरून निघून जाते तेव्हा गावात मागे काय राहते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधावयाचे तर या प्रदेशाचा थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

श्रोत्यांनी धाराशिव जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. बालाघाटचे पठार, मधूनमधून काळी जमीन, मधूनमधून मुरमाड माळ. तेरणा, बोरी यांसारख्या उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्या. आणि चांगल्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पडणारा, वाईट वर्षी त्याच्या निम्म्यावर येणारा पाऊस. असा हा मुलूख उद्योगधंद्यांसाठी प्रसिद्ध असेल, असे आज कोणाच्या मनातही येणार नाही. तथापि दोन हजार वर्षांपूर्वी तो तसा प्रसिद्ध होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे जे टिपण लिहून ठेवले, त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तेथून साधे जाडेभरडे कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास जात, असे तो लिहितो. हे तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर होय, ही ओळख डॉ. फ्लीट या विद्वानाने १९०१ साली पटवून दिली. पुढील उत्खननांत सापडलेल्या वस्तू आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. त्यांतील हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहिली, म्हणजे इटलीतील पॉम्पी नगराच्या भग्नावशेषांत मिळालेल्या तशाच एका भारतीय प्रतिमेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या वृत्तांतात एक गोष्ट सहज नजरेआड होते. तगराहून भडोचास जात होते ते कापड, कापूस नव्हे. पीक याच मातीतले, त्याची रुई, त्याचे सूत आणि त्याचे वस्त्र करणारे हातही याच मातीतले. रोमच्या बाजारातून आलेल्या पैशाचा काही वाटा पिंजाऱ्याला, कातणाऱ्या बाईला, कोष्ट्याला व रंगाऱ्याला येथल्या येथे मिळत असला पाहिजे. पाऊस तेव्हाही बेभरवशाचाच असणार. पण पावसाने दगा दिलेल्या वर्षीही ज्याच्या घरी माग आहे, त्याला अगदीच हात जोडून बसावे लागत नाही.

ही स्थिती पालटली ती एकोणिसाव्या शतकात. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे गेला व १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. त्याच १८६० साली मुंबईहून निघालेली आगगाडी सोलापुरास पोहोचली. लगेच दुसऱ्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मॅंचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, कापड नको होते. उलट कापड त्यांनाच विकावयाचे होते. आगगाडीने जाताना रुईचे गठ्ठे नेले व येताना विलायती कापडाचे तागे आणले. १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली, तेव्हा निदान कापड या भागात पुन्हा होऊ लागले. पण ते गावात नव्हे, शहरात. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने गाव सोडून आलेल्या माणसांना शहराखेरीज दुसरा थारा उरला नव्हता.

खेड्यातून उद्योग नाहीसा होणे म्हणजे नेमके काय होणे, हे कापसाच्या उदाहरणाने नीट उमजते. वेचलेल्या कापसाच्या तीन भागांत स्थूलमानाने एक भाग रुई व दोन भाग सरकी असते. गावातल्या चरखीवर कापूस वठला जाई तेव्हा सरकी गावातच राही. ती दुभत्या जनावरांना मिळे, जनावराचे शेण शेताला मिळे. वाफेवर चालणारे जिन शहरात उभे राहिले आणि शेतकरी न वठलेला कापूसच गाडीत भरून नेऊ लागला. त्यासरशी रुईबरोबर सरकीही गेली, सरकीबरोबर पेंड गेली, पेंडीबरोबर दूध आणि खत यांतही घट आली. जो भाव मिळाला तो कापसाचा म्हणून मिळाला. जे हरवले त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. करडई, भुईमूग व जवस यांची तीच गत. गावचा तेली बैलाचा घाणा चालवी तेव्हा तेल घरोघर आणि पेंड गोठ्यात जाई. घाणा थांबला, तेव्हा एका तेल्याचा धंदा बुडाला एवढेच लोकांना दिसले.

ही हानी ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत न्यायमूर्ती रानडे यांचे नाव अग्रभागी येते. १८९० साली पुण्यात भरलेली औद्योगिक परिषद आणि १८९२ साली डेक्कन कॉलेजात 'हिंदी अर्थशास्त्र' या विषयावर त्यांनी दिलेले व्याख्यान यांतून त्यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा होता : केवळ कच्चा माल पिकवून परदेशी पाठविणारा देश निसर्गाच्या लहरीवर जगतो आणि वाढत्या लोकसंख्येचा सारा भार जमिनीवर पडतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे मालाला पक्के रूप देण्याचे काम पुन्हा आपल्या हाती घेणे. रानड्यांनी देशाविषयी जे म्हटले, ते हैदराबाद संस्थानच्या सरहद्दीवरील जळकोटसारख्या गावाला शब्दशः लागू होते. तेथे तर आणखी एक अडचण होती. सोलापूरची पेठ जवळची, पण ती इंग्रजी मुलखात. मध्ये निजामाची करोडगिरी म्हणजे जकात. निजाम सरकारने नांदेडास कापडाची गिरणी व बोधनला साखरेचा मोठा कारखाना यांना हातभार लावला. परंतु हे सारे उद्योग नळदुर्गच्या पट्ट्यापासून दूर होते. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची लहान गाडी येडशी, ढोकी या वाटेने १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली आणि लातूरची पेठ भरभराटीस आली. जळकोटच्या वाट्याला मात्र रस्ता तेवढा राहिला.

याच सुमारास युरोपातील एका लहानशा देशाने वेगळा मार्ग दाखविला होता. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊन पडले आणि डेन्मार्कमधील धान्य पिकविणारे शेतकरी हवालदिल झाले. त्यांनी धान्य विकण्याऐवजी ते जनावरांना चारून लोणी विकावयाचे ठरविले. १८८२ साली येडिंग या खेड्यातील शेतकऱ्यांनी मिळून पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. तिचे नियम साधे होते. सर्वांनी आपले दूध तेथेच घालावयाचे; नफा दुधाच्या प्रमाणात वाटावयाचा; मत मात्र प्रत्येकाला एकच, गायी दोन असोत वा वीस. आणि लोणी काढल्यावर उरलेले दूध ज्याचे त्याला परत द्यावयाचे, म्हणजे त्यावर डुकरे पोसता येतील. हा शेवटचा नियम दिसावयास किरकोळ, पण मर्म त्यातच आहे. डॅनिश शेतकऱ्यांनी कारखाना काढला तो उरलेल्या मालाचा हिशेब आधी करून.

महाराष्ट्रात हाच विचार साखरेच्या रूपाने अवतरला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेस संरक्षण मिळाले व खाजगी कारखाने निघाले. परंतु भंडारदरा धरणाच्या प्रवरा कालव्यांवर ऊस करणारा नगर जिल्ह्यातील शेतकरी गुळाच्या चढउतारात आणि अडत्यांच्या कर्जात गुरफटलेलाच होता. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोड येथे कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्षस्थानी होते. कारखाना शेतकऱ्यांनी स्वतःच का काढू नये, हा प्रश्न तेथे निघाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून, लहान लहान शेतकऱ्यांच्या दारी जाऊन भाग गोळा केले. सहकाराचे अध्वर्यू वैकुंठभाई मेहता यांनी पाठबळ दिले. गाडगीळ हे कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी साखर तयार होऊ लागली. नफ्यातून पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. ऊस पिकविणारा माणूसच साखरेचा धनी होऊ शकतो, हे महाराष्ट्राने प्रथमच पाहिले.

धाराशिव जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा प्रवरेचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मराठवाड्यानेही तीच वाट धरावी, हे स्वाभाविकच होते. ढोकी येथे तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे नळदुर्गास, जळकोटच्या अगदी शेजारी, तुळजाभवानीच्या नावाने दुसरा सहकारी कारखाना झाला. कारखान्याने रस्ते आणले, पत आणली, कित्येक तरुणांना नोकरी दिली. एका टन उसातून सुमारे शंभर किलो साखर, तीनशे किलोंच्या आसपास बगॅस, चाळीस किलो मळी निघते. बगॅसवर बॉयलर चालतो व वीज होते, मळीपासून मद्यार्क होतो, गाळ शेताला खत म्हणून जातो. शेतमालाचे एवढे पदर उलगडणारा दुसरा उद्योग ग्रामीण भागात क्वचितच आढळेल. या कारखान्यांमागची उमेद खोटी होती, असे कोणीही म्हणू नये.

पण प्रवरेहून एक गोष्ट येथे आणता आली नाही, आणि ती म्हणजे प्रवरा. तेथे धरण आधी झाले, कालवे आधी आले, ऊस आधी उभा राहिला आणि कारखाना मागाहून निघाला. येथे क्रम उलटला. कारखाना आधी उभा राहिला व त्याच्या भुकेसाठी ऊस वाढवावा लागला. ऊस वर्षभराचे पीक. त्याला लागणारे पाणी या भागातील पावसाच्या दुप्पट-तिप्पट. ते विहिरींतून, मग शेकडो फूट खोल विंधनविहिरींतून उपसले गेले. कुरनूर येथे बोरी नदीवर मध्यम प्रकल्प झाला खरा, पण त्याच पाण्याकडे शेते आणि शहरे दोन्ही डोळे लावून बसली. साखर कारखान्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, तर व्याज, पगार व देखभाल बारा महिन्यांची. ऊस पुरेसा मिळाला नाही, की प्रत्येक पोत्यामागे तोटा वाढतो. कर्जावर कर्ज चढते. १९७२ चा दुष्काळ, नंतर २०१२ चा, त्यानंतर २०१५ चा. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. या साऱ्या घडामोडींत, आणि कारभारातील उणिवांचीही भर पडून, ढोकी व नळदुर्ग येथील दोन्ही सहकारी कारखाने कित्येक हंगाम बंद राहिले. ज्या शेतकऱ्याने भाग घेतला होता, त्याच्या हाती भागाचा कागद राहिला. ज्या कामगाराने तेथे उमेदीची वर्षे घालविली, त्याची थकबाकी राहिली. नळदुर्ग-जळकोटच्या लोकांनी ही गोष्ट वाचून जाणलेली नाही. बंद धुराड्याकडे पाहत जाणली आहे.

मग शेतमालाच्या उद्योगाने या भागाचे भले होणार नाही, असे समजावयाचे काय? जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भूम तालुक्यात, याचे उत्तर मिळते.  तेथील डोंगराळ भागात गवत आहे, जनावरे आहेत आणि दूध आहे. शीतगृहे व पक्के रस्ते नव्हते त्या काळात दूध दूरच्या शहरात पोहोचणे शक्य नव्हते. खवा मात्र पोहोचत असे. सुमारे पाच लिटर दूध आटविले म्हणजे एक किलो खवा होतो. भट्टी, कढई, उलथणे आणि सारखे ढवळणारा हात एवढीच त्याची यंत्रसामग्री. कुंथलगिरी या जैन तीर्थक्षेत्राच्या नावाने हा खवा व त्याचे पेढे दूरवर ओळखले जातात, आणि आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या उद्योगाने कोणाला बंगले बांधून दिले नसतील. परंतु दुष्काळी मुलखात, जे आहे त्यावरच, माणसांनी तो उभा केला. त्याला पाण्याचा पाट लागला नाही आणि तो दुष्काळातून पुन्हा पुन्हा उठून उभा राहिला.

जळकोटच्या काळ्या रानात आज खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत ज्वारी व हरभरा ही पिके दिसतात. सोयाबीन हे या भागातील तसे नवे पीक. पण त्याचा मार्ग जुन्या कापसाचाच आहे. शंभर किलो दाण्यांतून सुमारे अठरा किलो तेल व ऐंशीच्या जवळपास पेंड निघते. तेल घरी येते ते डब्यातून, दुकानातून विकत. पेंड प्रथिनांनी समृद्ध. ती कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते, परदेशीही जाते. गावाच्या वाट्याला येतो तो दाण्याचा भाव, आणि तोही कापणीच्या ऐन दिवसांत, जेव्हा तो सर्वांत खाली असतो. तुरीचेही तसेच. पूर्वी घरोघर तूर भिजवून, वाळवून, जात्यावर भरडली जाई. डाळ घरात राही, चुणी गाईम्हशींना मिळे. आज तूर लातूरच्या गिरण्यांत जाते आणि डाळ होऊन परत त्याच रस्त्याने दुकानात येते. त्या जाण्यायेण्याचे भाडे, अडत, भरडाई आणि नफा हे सारे शेवटी डाळ विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्याच माथी बसते, हे केवढे विचित्र आहे!

डाळीची लहान गिरणी, तेलाचा लाकडी किंवा यंत्राचा घाणा, बी-बियाणे निवडण्याचे यंत्र, ज्वारीचे पीठ व पोहे करण्याचे साधन यांपैकी कशालाही नदी अडवावी लागत नाही. भांडवलही साखर कारखान्याच्या मानाने क्षुल्लक. २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली आहे आणि सर्वसाधारणपणे तेथेही येडिंगप्रमाणे प्रत्येक सभासदास एकच मत असते. तथापि कायदा व यंत्र यांनी काम होत नाही, हे सहकाराच्या इतिहासाने शिकविले आहे. गोदामात माल ठेवून चार महिने थांबण्याइतके खेळते भांडवल लागते, प्रतवारीत लबाडी न करण्याची शिस्त लागते, आणि हिशेब दर महिन्याला सभासदांपुढे उघडा मांडणारे कारभारी लागतात. विखे पाटील दारोदार हिंडले, गाडगिळांनी हिशेबाची वही डोळ्यांत तेल घालून पाहिली, तेव्हा कोठे प्रवरेची साखर गोड लागली.

येथे शहरातील सुशिक्षित घरांचाही संबंध येतो. पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरात शिजणारी डाळ, मुलांच्या हातात पडणारा पेढा, कढईतले तेल, या सर्वांचा उगम अशाच एखाद्या माळावर असतो. घेणाऱ्याने केवळ चकचकीत वेष्टन न पाहता माल कोठे पिकला व कोणी केला एवढे विचारले, तरी गावच्या गिरणीला गिऱ्हाईक मिळते. आणि गिऱ्हाइकावाचून कोणताही घाणा फार दिवस फिरत नाही.

तगराच्या काळी या मुलखातून कापड गेले, इंग्रजी अमदानीत कापूस गेला, स्वराज्यात साखर झाली खरी, पण तिच्यापायी विहिरी तळाला गेल्या. या तीन अनुभवांतून निघणारा धडा फार अवघड नाही. पक्का माल गावात व्हावा. पण तो गावच्या पाण्याला झेपेल असा असावा, त्याचा धनी पिकविणाराच असावा, आणि तेल काढल्यावर उरणारी पेंड, डाळ भरडल्यावर उरणारी चुणी ही गावच्याच गोठ्यात पडावी. सोलापूर-हैदराबाद रस्ता आता पुष्कळ रुंद झाला आहे व जळकोटच्या वेशीवरून मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात. त्यांतल्या काहींनी जळकोटास थांबून, तेथे भरडलेली डाळ आणि तेथे गाळलेले तेल भरून पुढे जावे, एवढीच या गावाची अपेक्षा आहे. आणि दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या गाड्यांनी जे केले, त्याहून ती अधिक नाही.